दोन गज मातीखाली

हिंदी चित्रपटांच्या इतिहासात ज्यांना एखाद्या ओळीपलीकडे सहसा जागा मिळत नाही, अशा चित्रपटांत ‘दो गज जमीन के नीचे’ याची गणना होते. १९७२ साली तो प्रदर्शित झाला. निर्मिती रामसे कुटुंबाची, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंचे, संगीत सपन-जगमोहन यांचे, प्रमुख भूमिकांत सुरेंद्र कुमार, शोभना आणि इम्तियाझ खान. यांपैकी एकही नाव तिकीटबारीवर गर्दी खेचण्याच्या योग्यतेचे नव्हते. तरीही गर्दी झाली. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रतिष्ठित कुटुंबांनी तो चोरून पाहिला किंवा पाहिलाच नाही, आणि ‘भुताखेतांचा स्वस्त सिनेमा’ हा शिक्का त्याच्यावर जो बसला तो कायमचा. अशा चित्रपटाविषयी या पृष्ठांवर लिहावयास आम्ही बसलो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्याचे नावच थडग्याच्या मापावरून ठेवले आहे आणि जो आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरी चित्रित झाला, त्याच्याशी आपला काहीच संबंध नाही असे आम्हांस वाटत नाही. आपला समाज मृतांना मातीत ठेवणारा आहे. मातीखालच्या माणसाविषयी कोणी काही बोलत असेल, तर ते आपण ऐकून घ्यावे, आणि न पटल्यास तसे सांगावेही.

रामसे घराण्याची कथा त्यांच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा अधिक रंजक आहे. मूळ आडनाव रामसिंघानी. वडील फतेहचंद यांचे कराचीस रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला ते आडनाव पेलेना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले, आणि हळूहळू वडिलांनी चित्रपटनिर्मितीत हात घातला. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हे त्यांचे दोन चित्रपट दिग्दर्शित केले ते विश्राम बेडेकरांनी. होय, ‘रणांगण’कार बेडेकर तेच हे. यांतला दुसरा चित्रपट सपशेल पडला. मात्र त्यात एके ठिकाणी पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करण्यास शिरतात. एरवी जांभया देणारे प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला सावरून बसतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी चित्रपटगृहात बसून टिपले. मग सबंध चित्रपटच असा का काढू नये, असा साधा व्यापारी हिशेब त्यांनी वडिलांपुढे मांडला. मराठीतील एका श्रेष्ठ कादंबरीकाराच्या पडलेल्या चित्रपटातून हिंदी भयपटांचा कारखाना उभा राहावा, हा योगायोग आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी विचारात घेण्याजोगा आहे.

कारखाना म्हणावयाचे, पण होता तो घरगुती उद्योग. भाऊ सात. कुमारने पटकथा लिहावी, किरणने ध्वनी सांभाळावा, गंगूने कॅमेरा, अर्जुनने संकलन, केशूने पडेल ते काम, आणि दिग्दर्शन तुलसी-श्याम या जोडीचे. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे एक पाठ्यपुस्तक समोर ठेवून या मुलांनी धंद्याचे शिक्षण घेतले. सेट उभारण्यास पैसा नव्हता. तेव्हा सारा लवाजमा बसमध्ये घालून ही मंडळी महाबळेश्वरी गेली आणि तेथील सरकारी विश्रामगृहाच्या खोल्या भाड्याने घेऊन तेथेच राहिली, तेथेच चित्रण केले. घरच्या बायकांनी स्वयंपाक केला. चाळीस दिवसांत आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत काम उरकले, असे या कुटुंबाने पुढे सांगितले आहे. शम्य दासगुप्ता यांनी २०१७ साली रामसे बंधूंवर इंग्रजीत एक सविस्तर पुस्तक लिहिले. ‘मृतांची झोपमोड करू नका’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे.

जागेची निवड मात्र पैशाच्या टंचाईने केली असली, तरी अचूक ठरली. महाबळेश्वर हे माल्कमसाहेबाच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, इंग्रजांनी आपल्या विसाव्यासाठी वसवले. तेथील जुने बंगले, उंच छपरे, लांब व्हरांडे आणि दाट झाडीतले रस्ते हे सारे परक्या मातीतल्या आठवणींवर बेतलेले. धुके उतरले की त्या बंगल्यांना कोणत्याही रंगरंगोटीची गरज राहत नाही. ज्या वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला, त्या वर्षी याच जिल्ह्याच्या पूर्वेस, माण आणि खटावात, आणि पलीकडे सांगलीच्या आटपाडी-जतेत, दुष्काळाने माणसे खडी फोडावयास रस्त्यावर आणली होती. एकाच जिल्ह्याच्या एका टोकास धुक्यातले खोटे भय आणि दुसऱ्या टोकास उन्हातले खरे. चित्रपटास त्याचा पत्ता नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही आम्ही ठेवीत नाही.

समीक्षकांनी त्यास झिडकारले ते मुख्यतः त्याच्या ओबडधोबडपणासाठी. अभिनय जाड, गाणी अस्थानी, विनोद उसना, भय दाखवावयाचे म्हणजे कॅमेरा एकदम चेहऱ्यावर नेऊन आदळावयाचा. ही सारी टीका खरी आहे. परंतु सांगलीकरांनी तरी या कारणास्तव त्यास एकदम हिणवू नये, असे आम्ही सुचवू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या परंपरेतील खेळांत प्रेक्षक कशाची वाट पाहत असत? राक्षस येण्याची. मशालीवर राळ उडे, भडका होई, आणि तोंड रंगवलेला, केस पिंजारलेला राक्षस आरोळी ठोकत प्रवेश करी. त्या आरोळीवरूनच पुढच्या सुशिक्षितांनी या नाटकांचे नाव ‘अललडुर्र’ असे थट्टेने ठेवले. आज आपण ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमी दिन म्हणून मानतो तो याच अललडुर्राच्या जन्माचा. लोकांना एकत्र बसून घाबरावयास आवडते. काळोखात शेजाऱ्याचा हात धरण्याची ती एक मान्य सबब असते. यात हीन काही नाही. यात्रेतल्या तंबूत चादरीवर पडलेला रामसेंचा चित्रपट पाहणारे गावकरी आणि भाव्यांच्या राक्षसाकडे डोळे वटारून पाहणारे सांगलीकर हे एकमेकांचे भाऊबंदच.

तेव्हा स्वस्तपणा हा आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप दुसरा आहे, आणि त्यासाठी कथेचा सांगाडा सांगणे भाग आहे. एक धनाढ्य संशोधक. त्याच्या पैशावर डोळा ठेवून त्याच्याशी लग्न लावणारी स्त्री, तिला सामील असलेला पुरुष. नवऱ्याचा काटा काढला जातो, देह मातीत पुरला जातो, आणि मग मातीखालचा माणूस मातीवरच्यांना सुखाने जगू देत नाही. शेवट आम्ही सांगत नाही, कारण ज्यांना तो पाहावयाचा आहे त्यांचा रसभंग करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडच्या भुतांना देह नसतो. मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीपाशी, चकवा रानात वाट चुकवतो, समंध धनावर बसतो. ज्यांची इच्छा अपुरी राहिली त्यांचे हे वासनारूप अस्तित्व. देह तर केव्हाच अग्नीच्या स्वाधीन झालेला असतो. हिंदीतील ‘महल’ (१९४९) किंवा ‘बीस साल बाद’ (१९६२) यांसारख्या आधीच्या चित्रपटांतही भय होते ते सावलीचे, गाण्याचे, पैंजणांच्या आवाजाचे. मराठीत पुढे आलेल्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) याच्या तर नावातच सावल्या आहेत, आणि त्यातल्या भीतीपेक्षा त्यातली गाणीच लोकांच्या ओठी राहिली. रामसेंना मात्र सावली नको होती. त्यांना कुजलेला, मातीने माखलेला, जड पावलांनी चालणारा देह हवा होता, जसा त्यांनी विलायती भयपटांत पाहिला होता. चितेवरून तसा देह परत येऊ शकत नाही. म्हणून नावाने हिंदू असलेल्या नायकाला त्यांनी पुरले. कथेच्या सोयीसाठी केलेल्या या एका निर्णयातून हिंदी भयपटाने कबर उसनी घेतली, आणि ती उसनवारी पुढली दोन दशके चालली. क्रूस, वाकडे झाड, घुबड, धुके, अर्धवट उघडलेले लोखंडी फाटक. जी जागा आपल्या आजीआजोबांची, ती पडद्यावर भीतीची ठरून गेली.

हे नुकसान काल्पनिक नाही. दोन वर्षांमागे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीच्या फाटकाशी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आजीच्या हातातून हात सोडवून घेऊन उभा राहिला. आत यावयास तयार होईना. त्याच्या हातात फुले होती, आणि आत त्याच्या आजोबांची कबर. बरेच विचारल्यावर म्हणाला, ‘‘ते बाहेर येतात.’’ कोठल्या तरी जुन्या भयपटाचा तुकडा त्याने मोबाइलवर पाहिला होता. आजी शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, तुझे आजोबा उठून आलेच, तर आधी तुझं प्रगतिपुस्तक मागतील.’’ मुलगा हसला, पण आत मात्र तो त्या दिवशी आला नाही. मेणबत्ती आजीनेच लावली.

त्या बाईच्या एका वाक्यात जे आहे, ते रामसेंच्या चित्रपटास सापडले नाही. मेलेला माणूस परत आला, तर त्याला पाहून कोणाला आनंदही होऊ शकेल, ही शक्यताच तेथे कोणाच्या मनात येत नाही. मृत म्हणजे केवळ वसुलीस आलेला सावकार. आता ज्या माणसांनी खून केला त्यांना तसे वाटावे हे योग्यच आहे. काईनाने हाबेलाला मारल्यावर जमीन गप्प बसली नाही, ही पवित्र शास्त्राच्या आरंभीचीच कथा. पण प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे? आपण मराठीत ‘मूठमाती देणे’ म्हणतो. नातेवाईक एकेक करून पुढे येतात, मूठभर माती टाकतात, कोणी हुंदका देतो, कोणी म्हाताऱ्याच्या एखाद्या विनोदाची आठवण काढतो. मृतांना माती देणे हे चर्चने दयेच्या शारीरिक कृत्यांत गणले आहे. तोबीताच्या ग्रंथातला तोबीत निनवे नगरीत राजाच्या रोषाची पर्वा न करता आपल्या लोकांची उघडी पडलेली प्रेते पुरत असे. घरदार गमावले, तरी सणाचे जेवण न चाखताच टाकून तो पुन्हा एका प्रेतासाठी उठला आणि शेजारी त्याला हसले. या दृष्टीने पाहिले तर मृताला लपवण्यासाठी माती टाकणे ही खुनाइतकीच भयंकर गोष्ट आहे. दयेचे कृत्य चोरून त्याचाच गुन्हा करणे आहे ते. ‘दो गज जमीन के नीचे’ याच्या हाती ही कल्पना पुरेपूर आली होती. त्याच्या नावातच ती आहे. ज्याच्यावर कोणी मूठभर माती रडून टाकली नाही, तो मातीत कसा राहील? हा प्रश्न पाच मिनिटे जरी पडद्यावर रेंगाळता, तरी आमच्या मते हा चित्रपट वेगळा झाला असता. पण शोकासाठी दिग्दर्शकांनी वेळ ठेवलेला नाही. त्यांना पुढच्या किंकाळीची घाई आहे.

विश्वासघात झालेला माणूस कबरेतून परत त्याच माणसांकडे येतो, ही कथा आपणांस अनोळखी नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिष्य दारे लावून बसलेले नसले तरी मने लावून बसलेले आहेत. एकाने तीनदा ओळख नाकारली आहे, बाकीचे पळाले आहेत. आणि तो समोर उभा राहतो, हातापायांच्या जखमांसह. ते घाबरतात, त्यांना भूत दिसल्यासारखे वाटते. मूळ ग्रंथातच ही भयकथा आहे, ती आमची कल्पना नव्हे. या क्षणापर्यंत रामसेंची पटकथा आणि ही कथा एकाच रस्त्याने चालतात. पुढे तो हिशेब मागत नाही. काही खावयास आहे का, असे विचारतो, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. मुंबईच्या व्यापारी भयपटाने शुभवर्तमान सांगावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे नाट्याविषयीचे आहे. परत आलेल्या मृताला एकच इच्छा दिली, की नाट्यही एकाच सुराचे होते. ‘हॅम्लेट’मधला पित्याचा आत्माही सूडच मागतो, पण त्याबरोबर तो आठवण ठेवण्याची विनंती करतो, आणि सारे नाटक त्या विनंतीच्या ओझ्याखाली मुलाच्या मनात घडते. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर, जे भुताखेतांवर विश्वास ठेवण्यापैकी मुळीच नव्हते, त्यांनाही ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने ते मराठीत आणावेसे वाटले.

चर्चने भयपटांकडे पाठ फिरवली आहे, असे समजणारे बरेच आहेत. तसे नाही. चित्रपटकलेस शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने लक्षणीय अशा पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत कलात्मक चित्रपटांच्या विभागात मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) आहे. हा चक्क रक्तपिपासू प्रेताचा चित्रपट. कथेचे हक्क न घेता ‘ड्रॅक्युला’वरून उचललेला, आणि त्यापायी ज्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता असा. तोही मोठ्या पैशाचा चित्रपट नव्हता. मुर्नावचे राक्षसी पात्र रामसेंच्या कोणत्याही पात्राहून अधिक भयानक आहे, कारण ते जवळजवळ काहीच करीत नाही. नुसते दारात उभे राहते. पण आम्हांस त्या चित्रपटात महत्त्वाची वाटते ती नायिका एलन. गाव वाचावे म्हणून ती पहाट होईपर्यंत त्या पिशाचाला आपल्याजवळ थोपवून धरते आणि स्वतःचे प्राण देते. भयपटात कोणीतरी कोणासाठी काहीतरी सोडावे लागते. तेव्हाच भयाला वजन येते, कारण गमावण्यासारखे काही आहे हे आपणांस दिसते. रामसेंच्या या पहिल्या भयपटाची कथा घेणाऱ्यांची आहे. पैसा घेणारे आणि सूड घेणारा. त्यामुळे कोण वाचले आणि कोण मेले, याचे सोयरसुतक आपल्याला राहत नाही.

तरीही दोन गोष्टींचे श्रेय त्यांस द्यावेच लागेल. एक, हा चित्रपट लोभाला लोभ म्हणतो. त्या काळच्या प्रतिष्ठित हिंदी चित्रपटांत श्रीमंती हे बक्षीस असे, येथे ती मरणाचे कारण आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काळोख. गंगूच्या कॅमेऱ्यामागे पैसा नव्हता, दिवे मोजके होते, आणि म्हणून जिन्याच्या खालचा, दाराच्या मागचा काळोख खरोखरीचा काळोख वाटतो. पुढे हातात पैसा आला, ‘पुराना मंदिर’ (१९८४) धो धो चालला, आणि तेव्हा त्यांनी काळोखावर निळे-लाल दिवे पाडले, देहप्रदर्शनाचा मसाला वाढवला, सैतानाला नाव आणि खानदान दिले. १९९३ पासून तर ‘झी हॉरर शो’च्या रूपाने हे भय घराघरांतल्या दिवाणखान्यात येऊन बसले. महाबळेश्वरच्या त्या विश्रामगृहातला गरिबीचा काळोख पुन्हा त्यांना साधला नाही.

तो साधला तो फार पुढे, आणि दुसऱ्यांना. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) पाहताना आम्हांस अनेकदा या जुन्या चित्रपटाची आठवण झाली. तेथेही लोभच आहे, माती आहे, भुईच्या पोटात उतरणे आहे. मराठी वाचकास नारायण धारपांच्या कथांची ओळखीची थंडी तेथे जाणवते. फरक इतकाच की तेथे एक बाप आहे आणि त्याच्याकडे पाहणारा एक मुलगा आहे. आपला लोभ आपण मुलाच्या हाती देत आहोत, हे बापाला शेवटी दिसते आणि प्रेक्षकालाही. त्या एका नजरेने जे घडते, ते चाळीस किंकाळ्यांनी घडले नसते. ‘तुंबाड’ला प्रथम प्रदर्शनात माफकच प्रतिसाद मिळाला आणि २०२४ साली पुनःप्रदर्शनात लोकांनी तो डोक्यावर घेतला, ही गोष्टही समीक्षेच्या घाईविषयी काही सांगून जाते.

तुलसी रामसे २०१८ साली वारले, श्याम २०१९ साली. आता त्यांच्यावर लेख येतात, अभ्यासक त्यांच्या चित्रपटांवर बोलतात, आणि जे चित्रपट पाहिल्याचे लोक सांगत नसत त्यांचे कौतुक करण्याची एक पद्धत पडली आहे. त्या कौतुकातही आम्ही पुरते सामील होऊ शकत नाही.

काही पालकांनी विचारले आहे की मुलांना हा चित्रपट दाखवावा का. रामसेंच्या बहुतेक भयपटांना प्रौढांसाठीचेच प्रमाणपत्र मिळत आले, आणि ते योग्यच होते. मोठ्यांनी मात्र एकदा पाहण्यास हरकत नाही. गाणी पुढे सरकवली तरी कथेचे काही बिघडत नाही, विनोदी प्रसंग तर सरकवावेतच. महाबळेश्वरचा जुना बंगला आणि त्याभोवतीची झाडी पाहण्यासाठी तरी दोन घटका बसावे. ज्यांना दफनभूमीची भीती वाटते अशा मुलांसाठी दुसरी व्यवस्था आहे. येत्या २ नोव्हेंबरला सायंकाळी कबरींच्या आशीर्वादाचा विधी होईल. त्याआधी शनिवारी सकाळी गवत काढण्याचे व क्रूसांना चुना लावण्याचे काम आहे. चुना व ब्रश धर्मग्रामाकडून मिळतील, खुरपी मात्र घरून आणावी.